गॉस : उतार हाताने काढणारा माणूस

गॉस हे नाव आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते बारावीच्या फिजिक्समध्ये. मग इंजिनिअरिंगला आल्यावर गॉस एलिमिनेशन, पुढे गॉसचा डायव्हर्जन्स थिअरम, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये परत गॉसचा नियम, कम्युनिकेशनवाल्यांना गॉसियन नॉइज... हा माणूस एकच होता की चार-पाच भाऊ होते, अशी शंका मला सेकंड इयरपर्यंत खरोखर होती! व्हायवात नाव सांगायचं, फॉर्म्युला लिहायचा आणि पुढे जायचं. माणूस म्हणून तो कोण, कुठला, त्याच्या घरी काय चाललं होतं, याची चौकशी कधी केली नाही. ती वेळ फायनल इयरच्या प्रोजेक्टने आणली. म्हणून लेख गॉसवर असला तरी सुरुवात आमच्या प्रोजेक्टपासून करतो.

आम्ही डिपार्टमेंटच्या गच्चीवर एक सोलर पॅनेल ठेवून त्याच्या व्होल्टेज आणि करंटची रीडिंग्ज घेतली होती. त्या रीडिंग्जना एक मॉडेल बसवायचं होतं. मॉडेलमध्ये पाच पॅरामीटर : उन्हाने तयार होणारा करंट, डायोडचा सॅच्युरेशन करंट, आयडिअ‍ॅलिटी फॅक्टर, सिरीज रेझिस्टन्स आणि शंट रेझिस्टन्स. मोजलेला करंट आणि मॉडेलने दिलेला करंट यांतला फरक घ्यायचा, प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती बेरीज कमीत कमी होईल असे पाच आकडे शोधायचे. यालाच नॉनलिनिअर लीस्ट स्क्वेअर्स म्हणतात. शोधायचं काम सॉल्व्हर करतो, आपण फक्त मॉडेलचं फंक्शन द्यायचं. निदान आमची समजूत तरी तशी होती.

ग्राफ इतका सुंदर आला की रूमवर त्याच रात्री चहाची पार्टी झाली. कर्व्ह सगळ्या ठिपक्यांवरून अगदी अलगद जात होता. पण दुसऱ्या दिवशी सुरुवातीचा अंदाज जरा बदलून प्रोग्रॅम परत चालवला, तर कर्व्ह तितकाच सुंदर आणि पाचही आकडे वेगळे! तिसऱ्यांदा चालवला तर सिरीज रेझिस्टन्स चक्क निगेटिव्ह. सबमिशनला तीन आठवडे राहिले होते. आमच्यातल्या एकाने सुचवलं की पहिल्या दिवशीचे आकडे रिपोर्टात टाकू, कोण बघतंय? ग्राफ तर छान आहे. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा तयार झालो होतो.

गाईड सरांना ग्राफ दाखवला, तेव्हा त्यांनी ग्राफकडे बघितलंच नाही. सॉल्व्हरला डेरिव्हेटिव्ह तुम्ही दिलेत की त्याचे त्याला काढायला लावलेत, एवढंच विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सरांनी सांगितलं, की लायब्ररीत जाऊन गॉसने सेरेस कशी शोधली ते वाचून या, मग बोलू. डोक्यावर सबमिशन असताना इतिहास वाचायला सांगणारे सर त्या क्षणी मला फारसे आवडले नव्हते, हे इथे कबूल करतो.

कार्ल फ्रेडरिक गॉस याचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील बागकाम, गवंडीकाम असली मिळतील ती कामे करीत. आईला जेमतेम अक्षरओळख होती. मुलाची जन्मतारीख तिने कुठे लिहून ठेवली नव्हती. तिच्या लक्षात एवढेच होते, की तो बुधवार होता आणि ईस्टरनंतर येणाऱ्या एका सणाला आठ दिवस बाकी होते. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. मोठेपणी गॉसने कुठल्याही वर्षाचा ईस्टर काढण्याची रीत तयार केली आणि ती १८०० साली छापली. त्यावरून आपली जन्मतारीखही काढता येते, हे ओघाने आलेच. आपल्याकडेही ज्यांच्या आजीचा जन्म अमुक पुराच्या साली, तमुक सणाच्या आदल्या दिवशी झालेला असतो, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

शाळेतली बेरजेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तरांनी मुलांना एक लांबलचक बेरीज घातली आणि छोट्या गॉसने क्षणात पाटी पुढे ठेवली. ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर १८५६ साली त्याच्या एका मित्राने लिहिलेल्या चरित्रातून पसरली. एक ते शंभर हे आकडे मात्र त्या चरित्रात नाहीत, ते नंतर सांगणाऱ्यांनी घातले. पण एक गोष्ट पक्की आहे. त्या शाळेतल्या मार्टिन बार्टेल्स नावाच्या तरुण मदतनिसाने पोराची हुशारी ओळखली. पुढे ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १७९२ ते १७९५ अशी तीन वर्षे तो गावातल्या कॉलेजियम कॅरोलिनममध्ये शिकला. हेच कॉलेज पुढे ब्राउनश्वाइगचे टेक्निकल विद्यापीठ झाले. म्हणजे एका अर्थाने गॉस आपल्याच जातकुळीतल्या कॉलेजचा माजी विद्यार्थी!

तिथून तो गटिंगेन विद्यापीठात गेला. १७९६ साली, वयाची १९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्याने केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे सिद्ध केले. दोन हजार वर्षांत हे कुणाला जमले नव्हते. १८०१ साली त्याचा अंकशास्त्रावरचा (नंबर थिअरीवरचा) मोठा ग्रंथ आला. पण तो वाचणारे आणि समजणारे मोजकेच होते. गॉसचे नाव युरोपभर झाले ते त्याच वर्षी, आणि एका हरवलेल्या ठिपक्यामुळे.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री इटलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझी याला आकाशात एक अंधुक ठिपका दिसला. तो रोज थोडा थोडा सरकत होता. पियाझीने ११ फेब्रुवारीपर्यंत त्याचे वेध घेतले. मधे तो आजारी पडला, आणि तेवढ्यात ठिपका सूर्याच्या प्रकाशात बुडाला. हाती काय होते, तर ४१ दिवसांतली थोडी निरीक्षणे. त्या काळात ठिपका आकाशात जेमतेम तीन अंश सरकलेला. ही सेरेस. सूर्याभोवती तिला एक फेरी मारायला साडेचार वर्षांहून जास्त लागतात, म्हणजे आपल्याकडे तिच्या मार्गाचा अगदी छोटासा तुकडा. एखादी एस.टी. स्टँडातून बाहेर पडून कोपऱ्यावर वळताना दिसली, तेवढ्यावरून ती उद्या सकाळी कुठल्या गावात असेल ते सांगायचे, असा हा प्रकार होता. अनेकांनी प्रयत्न केले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे दुर्बिणी लावल्या, तिथे काहीच नव्हते.

गॉस तेव्हा २४ वर्षांचा होता. निरीक्षणे छापून आल्यावर त्याने गणिताला हात घातला. आधी सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन वेध घेऊन पहिली कक्षा काढली. मग ती बाकीच्या वेधांशी ताडून पाहिली, सुधारली, पुन्हा ताडून पाहिली. त्याने दिलेली जागा इतरांच्या अंदाजापासून बरीच दूर होती. ३१ डिसेंबर १८०१ रोजी फ्रान्झ फॉन त्साख याला सेरेस सापडली, आणि लगोलग ब्रेमेनच्या ऑल्बर्सनेही ती टिपली. गॉसने सांगितलेल्या जागेपासून फरक होता सुमारे अर्ध्या अंशाचा.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. पण सरांना जे दाखवायचं होतं ते पुढे होतं.

कक्षा सुधारायची म्हणजे काय करायचे? कक्षा सहा आकड्यांनी ठरते. ती किती मोठी, किती लंबगोल, किती कललेली, कुठल्या दिशेने वळलेली वगैरे. हे सहा आकडे अंदाजे माहीत आहेत. त्यांवरून सेरेसची जागा काढली, तर ती पियाझीच्या वेधाशी थोडी चुकते. आता कुठला आकडा किती बदलला तर चूक कमी होईल? हे समजायला प्रत्येक आकडा जरासा बदलल्यावर आकाशातली जागा किती हलते ते माहीत पाहिजे. म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. सहा पॅरामीटरची सहा डेरिव्हेटिव्ह, प्रत्येक वेधासाठी. आजच्या भाषेत जेकोबियन मॅट्रिक्स.

डेरिव्हेटिव्ह काढायचे दोन मार्ग. पहिला, आकडा जरासा बदलून सगळे गणित पुन्हा करायचे, दोन उत्तरांची वजाबाकी करायची आणि केलेल्या बदलाने भागायचे. दुसरा, कागदावर बसून डेरिव्हेटिव्हचे सूत्रच काढायचे. गॉसकडे कॉम्प्युटर नव्हता, सात आकडी लॉग टेबल होते. पहिल्या मार्गाने जायचे तर प्रत्येक वेधासाठी सगळे गणित आणखी सहा वेळा करावे लागले असते. शिवाय दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी केली की सातांपैकी बरेचसे आकडे उडून जातात, उरतात शेवटचे दोन-तीन, आणि ते लॉग टेबलात मुळातच कच्चे. १८०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, 'थिओरिया मोटुस' मध्ये, त्याने कक्षेचे घटक जरासे बदलले तर ग्रहाची दिसणारी जागा किती बदलते याची सूत्रे काढून दिली आहेत. मात्र याबाबत तो हट्टी नव्हता. जिथे सूत्र फार अवघड होई, तिथे दोन-तीन अंदाजांची गणिते करून त्यांवरून पुढचा अंदाज काढायची युक्तीही त्याने त्याच ग्रंथात सांगितली आहे. पण ती युक्ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे त्याला कळत होते.

यातला एक भाग वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ग्रहाची जागा काढताना मधे केप्लरचे समीकरण लागते. एका कोनातून 'एक्सेन्ट्रिसिटी गुणिले त्या कोनाचा साईन' वजा केले की काळाच्या प्रमाणात वाढणारा दुसरा कोन मिळतो. आपल्याला माहीत असतो तो दुसरा, हवा असतो पहिला. तो सरळ सूत्राने निघत नाही, अंदाज घेऊन पुन्हा पुन्हा सुधारावा लागतो. मग जे उत्तर स्वतःच चाचपडत काढलेले आहे, त्याचे डेरिव्हेटिव्ह कसे काढणार? मला वाटले होते की इथे तरी गॉस अडकला असेल. पण छे! समीकरणाचे दोन्ही बाजूंनी डिफरन्शिएशन करा, हव्या त्या गोष्टीसाठी सोडवा, झाले. कोन एक्सेन्ट्रिसिटीबरोबर किती बदलतो? वर त्या कोनाचा साईन, खाली 'एक वजा एक्सेन्ट्रिसिटी गुणिले कोसाईन'. बस्स. उत्तर चाचपडत काढले असले, तरी त्याचा उतार एका ओळीत आणि अचूक मिळतो.

आता आमच्या पॅनेलकडे या. डायोडच्या मॉडेलमध्ये करंट समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असतो, एका बाजूला तर एक्स्पोनेन्शिअलच्या पोटात. म्हणजे अगदी केप्लरसारखंच. प्रत्येक व्होल्टेजला करंट काढायला आम्ही आत न्यूटनच्या पद्धतीचा एक लूप लावला होता आणि दहा लाखाव्या भागाइतकी चूक चालेल असं ठरवून तो थांबवत होतो. बाहेरचा सॉल्व्हर डेरिव्हेटिव्ह काढताना पॅरामीटर हलवत होता तो साधारण 'दीड भागिले दहा कोटी' एवढा. म्हणजे करंटमधली चूक मोठी आणि पाऊल तिच्यापुढे काहीच नाही! साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रक एकदा ड्रायव्हरच्या खिशात नाणं असताना चढवायचा, एकदा नसताना, आणि दोन वजनांच्या फरकावरून नाण्याचं वजन काढायचं, असला आमचा उद्योग चालला होता.

त्यात आणखी एक गंमत होती. आमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पॅरामीटरची किंमत साधारण एकाच्या आसपास आहे असं धरून पाऊल ठरत होतं. पण सॅच्युरेशन करंट होता काही भागिले शंभर कोटी अँपिअर. म्हणजे इथे पाऊल पॅरामीटरपेक्षाच कित्येक पट मोठं. एका ठिकाणी पाऊल फार छोटं, दुसऱ्या ठिकाणी फार मोठं, आणि सॉल्व्हर बिचारा मिळेल त्या उतारावरून चाललेला. तो कुठेतरी थांबायचा, आता पाऊल फार लहान झालं असा मेसेज द्यायचा, आणि आम्ही समजायचो की उत्तर सापडलं.

वर्गाची बेरीज कमीत कमी करण्याची ही पद्धत कुणाची, यावरून गॉसच्या आयुष्यात एक कडू प्रकरण घडले. फ्रान्सच्या लजांद्र याने ती १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात, अगदी स्वच्छ शब्दांत, प्रसिद्ध केली. लघुतम वर्ग हे नावही त्याचेच. गॉसने १८०९ च्या ग्रंथात लिहिले, की ही पद्धत आपण १७९५ पासून वापरत आहोत. लजांद्रला हे फार लागले. त्याचे म्हणणे साधे होते. जो आधी छापतो, शोध त्याचा. गॉसची सवय अशी, की काम पूर्ण पिकल्याशिवाय छापायचे नाही. त्याच्या मते तो खरेच सांगत होता. ऑल्बर्सने १८१६ साली छापील साक्षही दिली, की गॉसने ही पद्धत आपल्याला लजांद्रच्या पुस्तकाआधी सांगितली होती. पण मुळात ती वेळीच छापली असती तर साक्षीची गरजच पडली नसती. या भांडणात मला लजांद्रचीही बाजू पटते. वहीत काम करून ठेवायचं, कुणाला दाखवायचं नाही आणि दुसऱ्याने सेमिनार दिला की मग आपल्यालाही हे माहीत होतं म्हणायचं, हे आपल्या हॉस्टेलमध्येही होतंच की!

पण गॉसने या पद्धतीत जी भर घातली ती मोठी होती. चुका कशा विखुरतात याचा, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या घंटेच्या आकाराच्या कर्व्हचा, त्याने वर्गाच्या बेरजेशी संबंध जोडला. आणि समीकरणे सरळ नसतील तर आधी अंदाज घ्या, डेरिव्हेटिव्ह काढून ती तेवढ्यापुरती सरळ करा, दुरुस्ती काढा, ही वाट त्याने १८०९ मध्येच मांडली. आज आपण तिला गॉस-न्यूटन पद्धत म्हणतो. १९४४ मध्ये लेव्हेनबर्गने आणि १९६३ मध्ये मार्क्वार्टने तिला थोडा ब्रेक बसवला, म्हणजे पाऊल भलतीकडे पडू नये याची सोय केली. आपल्या सॉल्व्हरच्या मेनूत दिसणारं लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट ते हेच.

एवढ्या कीर्तीच्या दिवसांत त्याच्या घरी मात्र फार वाईट चालले होते. ज्या ड्यूकने त्याला शिकवले, तो १८०६ साली नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन मेला. १८०७ साली गॉस गटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. १८०५ मध्ये त्याचे योहानाशी लग्न झाले होते. त्यांच्या तीन मुलांची नावे नवे ग्रह शोधणाऱ्यांवरून ठेवलेली : जुझेप्पे पियाझीवरून जोसेफ, विल्हेल्म ऑल्बर्सवरून विल्हेल्मिना आणि लुडविग हार्डिंगवरून लुई. तिसऱ्या बाळंतपणानंतर ऑक्टोबर १८०९ मध्ये योहाना गेली. ज्या वर्षी तो ग्रंथ आला, त्याच वर्षी. पुढच्या मार्चमध्ये तान्हा लुईही गेला. लहान मुले पदरात होती. ऑगस्ट १८१० मध्ये त्याने योहानाच्या मैत्रिणीशी, मिन्नाशी, लग्न केले. तिला तीन मुले झाली, पण ती दीर्घ आजाराने १८३१ मध्ये वारली. ओयगेन नावाचा मुलगा त्याच्याशी भांडून १८३० मध्ये अमेरिकेला निघून गेला होता. आकाशातला ठिपका शोधून देणाऱ्या माणसाला घरातला मुलगा धरून ठेवता आला नाही. त्याचे चरित्र वाचताना हे पान मी दोनदा वाचले.

या सगळ्यात त्याचे काम थांबले नाही. पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी सहा अज्ञात राशींची समीकरणे सोडवताना त्याने एलिमिनेशनची नीट मांडणी केली. आपण पेपरात पाच मार्कांसाठी करतो तेच. मग हॅनोव्हर राज्याच्या भूमापनाचे काम आले. १८२१ ते १८२५ ही वर्षे तो उन्हाळाभर टेकड्यांवर थिओडोलाईट घेऊन हिंडत होता. सिव्हिलवाल्या मित्रांनी आपला सर्व्हे कॅम्प आठवावा आणि तो पाच उन्हाळे चालू आहे अशी कल्पना करावी! दूरची खूण दिसत नाही म्हणून आरशाने सूर्याचा किरण नेमका पाठवणारे हेलिओट्रोप हे यंत्र त्याने १८२१ मध्ये तयार केले. त्याच्या मोजणीतल्या एका त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू १०७ किलोमीटर होती. आपल्या देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एव्हरेस्टनेही पुढे हेलिओट्रोप वापरले. मोजलेले कोन एकमेकांशी जुळत नसत. ते जुळवायला पुन्हा तीच रीत : अंदाज, उतार, दुरुस्ती.

१८३१ मध्ये तरुण भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर गटिंगेनला आला आणि पन्नाशी ओलांडलेला गॉस चुंबकत्वाकडे वळला. १८३३ मध्ये दोघांनी वेधशाळेपासून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत सुमारे एक किलोमीटर तार टाकून विजेने संदेश पाठवला. १८३७ मध्ये राजाविरुद्ध निषेध नोंदवणाऱ्या सात प्राध्यापकांना काढून टाकले, त्यांत वेबर होता. गॉसने स्वतः उघड निषेध केला नाही. यावरून त्याच्यावर टीका होते, आणि मला वाटते ती अगदीच चुकीची नाही. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, गटिंगेनमध्ये त्याचा मृत्यू झाला.

लायब्ररीतून परत आलो आणि त्या रात्री आम्ही कॉम्प्युटर लावलाच नाही. मेसमधून आल्यावर कागद घेऊन बसलो. समीकरणाचं पाच पॅरामीटरच्या संदर्भात डिफरन्शिएशन केलं. केप्लरसारखंच, वर दर वेळी वेगळी गोष्ट आणि खाली एकच. खालची गोष्ट तर आतल्या न्यूटनच्या लूपमध्ये आधीच काढलेली होती! म्हणजे ज्यासाठी सॉल्व्हर आमचं फंक्शन आणखी पाच वेळा चालवत होता, ते आम्हाला जवळजवळ फुकटात मिळत होतं. सॅच्युरेशन करंटऐवजी त्याचा लॉग पॅरामीटर म्हणून घेतला, म्हणजे शंभर कोटीची भानगड मिटली.

पहिल्यांदा चालवलं तर उत्तर आणखीच बिघडलं. रूममेटने जुनं ते बरं होतं असं ऐकवलं. सरांनी तपासायची रीत सांगितली. एखाद्या बिंदूवर आतला लूप अगदी काटेकोर करायचा, पॅरामीटरच्या मापाने बेताचं पाऊल घ्यायचं, दोन्ही बाजूंना हलवून उतार काढायचा आणि तो सूत्राने आलेल्या उताराशी एकेका कॉलममध्ये ताडून बघायचा. चार कॉलम जुळले. सिरीज रेझिस्टन्सच्या कॉलममध्ये आकडा तोच, पण चिन्ह उलटं. माझीच चूक, वजा चिन्ह पान उलटताना राहिलं होतं. ते दुरुस्त केलं आणि मग कुठूनही सुरुवात केली तरी पहिले चार पॅरामीटर त्याच ठिकाणी येऊन थांबायला लागले. सिरीज रेझिस्टन्स पॉझिटिव्ह!

आणि शंट रेझिस्टन्स? तो अजूनही डगमगत होता. पण आता कारण दिसत होतं. त्याचा कॉलम बाकीच्यांच्या मानाने जवळजवळ शून्य होता. म्हणजे तो बराच बदलला तरी आमच्या रीडिंग्जमध्ये फारसा फरक पडत नव्हता. दोष सॉल्व्हरचा नव्हता, आमच्या मोजमापातच त्याबद्दल माहिती नव्हती. रिपोर्टात आम्ही चार आकडे दिले आणि पाचव्यासाठी एक भली मोठी रेंज लिहिली. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या रेंजवरच बोट ठेवलं. पहिल्या दिवशीचा तो सुबक आकडा टाकला असता, तर त्या वेळी माझ्याकडे काही उत्तर नसतं. आता होतं. वीस मिनिटं त्या एका कॉलमवर बोललो.

हाताने डेरिव्हेटिव्ह काढणं ही कॉम्प्युटर नसल्यामुळे करावी लागणारी हमाली, असं मी समजत होतो. पण कुठली गोष्ट कशामुळे किती हलते आणि कशामुळे हलतच नाही, हे मला त्या हमालीतच कळलं. ग्राफ सुंदर दिसत होता तेव्हा ते कळलं नव्हतं. आता सूत्रावरून आपोआप डेरिव्हेटिव्ह काढून देणारे प्रोग्रॅमही मिळतात, जरूर वापरा. चुकलेल्या चिन्हाचा त्रास तरी वाचेल. पण निदान एकदा, एका मॉडेलसाठी, कागद घेऊन बसा.

जर्मनीत युरो येण्याआधी दहा मार्कांच्या नोटेवर गॉसचं चित्र होतं, बाजूला घंटेच्या आकाराचा कर्व्ह, आणि मागच्या बाजूला त्याच्या सर्वेक्षणातले त्रिकोण. २००२ पासून ती नोट व्यवहारात नाही. सेरेसला २००६ साली खुजा ग्रह असा दर्जा मिळाला आणि २०१५ मध्ये 'डॉन' हे यान तिच्याभोवती फिरू लागलं. यान तिथे पोचायला तिची कक्षा माहीत लागते. त्या कक्षेची पहिली नीट मांडणी २४ वर्षांच्या एका मुलाने लॉग टेबल घेऊन केली होती.

तेव्हा पुढच्या वेळी सॉल्व्हर उत्तर सापडलं असं म्हणाला, की चहाची पार्टी जरा लांबवा. आधी त्याला उतार कुणी दिला ते विचारा.